वाचनयंत्र घ्यावे की न घ्यावे?

"डॉक्टर, ते पुस्तके वाचायचे यंत्र मिळते ना, ते घेऊ का मी?"

हा प्रश्न आता माझ्या भोरच्या दवाखान्यात महिन्यातून एक-दोनदा तरी येतोच. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतून बाहेर पडलेले, कुणी एस.टी.त नोकरी केलेले. मुलगा नाहीतर मुलगी पुण्यात कामाला असते आणि 'बाबा, या वाढदिवसाला घेऊनच टाकू' असे फोनवर ठरत असते. बाबांना मात्र एवढे पैसे घालावेत की नाही, हे कळत नसते. मग ब्लडप्रेशर तपासून झाले, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता ते हा प्रश्न विचारतात.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न हे लोक मला का विचारतात, असे मला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही. तो प्रश्न डॉक्टरलाच विचारायला हवा, हे मला एका रुग्णामुळे कळले. माझ्या शिकण्याची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली, म्हणून आज हा विषय.

गुरुजींची हकीकत

वेल्हे तालुक्यातल्या (आता त्याचे नाव राजगड तालुका झाले आहे) एका गावचे निवृत्त गुरुजी माझे जुने रुग्ण. डायबिटीस बारा वर्षांचा. चेलाडीला गाडी बदलून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. पिशवीत एक पुस्तक हमखास असायचे आणि माझ्याकडे गर्दी असली, की बाकावर बसून ते वाचत राहायचे.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात ते आले आणि म्हणाले, "डॉक्टर, हल्ली पुस्तकातले अक्षर पुसट दिसते. मुलगा म्हणतो, यंत्रावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. घ्यावे का?"

मी स्वतः नुकताच एक ई-रीडर घेतला होता. नव्या वस्तूचा उत्साह होता. ड्रॉवरमधून काढून मी तो त्यांच्या हातात दिला, अक्षर लहान-मोठे करून दाखवले, किंमत सांगितली. दहा मिनिटे आम्ही यंत्रावर बोललो. त्यांच्या डोळ्यांवर एक मिनिटही बोललो नाही. बारा वर्षांचा डायबिटीस असलेला माणूस 'अक्षर पुसट दिसते' म्हणतो आणि त्याचा डॉक्टर त्याला यंत्राची किंमत सांगतो! आजही ते आठवले, की माझे मलाच कानकोंडे होते.

मुलाने यंत्र घेऊन दिले. गुरुजी खूश झाले. पावसात वीज जायची, पण यंत्र चालू राहायचे. त्यांचे वाचन पुन्हा सुरू झाले. पुढे दिवाळी झाल्यावर ते आले, ते जरा गप्प होते. म्हणाले, "डॉक्टर, श्रावणात मी तिसऱ्या मापाचे अक्षर ठेवले होते. मग पाचवे केले, मग सातवे. आता सगळ्यात मोठे आहे. तरी मधली ओळ वाकडी दिसते."

ओळ वाकडी दिसते, हे ऐकले आणि माझ्या पोटात धस्स झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना पुण्याला पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवले. डायबिटीसमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली होती. डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागली. डावा डोळा बराच सावरला. उजव्याची गेलेली दृष्टी पुरती परत आली नाही. आधी आले असते तर किती वाचली असती, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मधले ते चार महिने आमच्या हातचे गेले, हे खरे.

यंत्राने त्यांचा डोळा बिघडवला नाही, हे स्पष्ट सांगतो. पण अक्षर मोठे करत गेल्यामुळे बिघाड झाकला गेला. छापील पुस्तक असते तर श्रावणातच वाचन बंद पडले असते आणि ते डोळे दाखवायला गेले असते. यंत्राने त्यांना वाचत ठेवले आणि दुखणे आत वाढत राहिले.

पहिला खर्च डोळे तपासण्याचा

म्हणून माझे पहिले मत असे, की चाळिशी ओलांडलेल्या माणसाने डोळे तपासल्याखेरीज ई-रीडर घेऊ नये. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. बाहुली मोठी करून आतला पडदा पाहायला हवा, डोळ्याचा दाब मोजायला हवा.

अक्षर पुसट दिसण्याची कारणे अनेक असतात. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसत नाही. त्याला साधा चष्मा पुरतो. दर काही वर्षांनी त्याचा नंबर बदलतो, एवढे लक्षात ठेवले की झाले. पुष्कळ लोक दहा वर्षांपूर्वीचाच चष्मा लावून बसतात आणि यंत्र शोधतात.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. उजेड जास्त लागतो, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकतात. काहींच्या बाबतीत एक गंमत होते. 'सत्तरीत माझा वाचायचा चष्मा सुटला' म्हणून आजोबा पेढे वाटतात. अनेकदा ती मोतीबिंदू पिकू लागल्याची खूण असते. यावर इलाज शस्त्रक्रिया, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे. मोतीबिंदू तसाच ठेवून यंत्रासाठी हजारो रुपये घालणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून नवी बादली आणण्यासारखे आहे.

काचबिंदूत बाजूची नजर गुपचूप जाते आणि वाचताना बराच काळ काही कळतही नाही. डायबिटीसमध्ये पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसायलाही ठीक असते. म्हणून डायबिटीसच्या प्रत्येक रुग्णाने तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींकडे वाचायचा चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून पाहा. मग दुसरा झाका. एखादी रेघ वाकडी, तुटलेली दिसली किंवा मधोमध डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकतो, म्हणून एकेक डोळा.

आणि ज्यांच्याकडे यंत्र आहे, त्यांच्यासाठी गुरुजींनी दाखवलेली खूण: अक्षराचे माप लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत ते वाढवावे लागले, तर यंत्राला दोष देऊ नका आणि वयालाही देऊ नका. डोळे दाखवा.

हे यंत्र फोनपेक्षा वेगळे कसे?

आता डोळे ठीक आहेत, असे धरून पुढे जाऊ. फोन, टॅब्लेट यांच्या पडद्यामागून उजेड येतो आणि तो थेट आपल्या डोळ्यांकडे येतो. ई-रीडरचा पडदा वेगळा. त्यात केसाच्या जाडीएवढ्या अगणित सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. विजेच्या इशाऱ्याने काळे कण वर आले की अक्षर उमटते, पांढरे वर आले की कागद. एकदा पान उमटले, की ते टिकवायला वीज लागत नाही. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र रोज थोडे वाचणाऱ्याला काही आठवडे पुरते. या शाईचे काम अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाले आणि १९९७ मध्ये त्याची कंपनी निघाली. ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये आले. या पडद्यावरचे अक्षर उन्हात कागदासारखेच दिसते. अंधारात वाचायला कडेने बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड पानावर पडतो.

पावसाळ्यात हिर्डोशी खोऱ्यात किंवा तोरण्याच्या पायथ्याला दिवसादेखील घरात अंधार असतो आणि वीज दोन-दोन दिवस नसते, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे नातवाला जो उजेड पुरतो, तो आजोबांना पुरत नाही. तेव्हा आतला दिवा असलेले यंत्र म्हाताऱ्या माणसाच्या खरोखर उपयोगाचे आहे. दिवा नसलेले जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. त्याची पार्श्वभूमी राखाडी असते आणि कमी उजेडात ते चांगल्या छापील पुस्तकापेक्षाही वाईट दिसते.

मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे खराब होतात, हा मात्र गैरसमज. डोळे थकतात, डोके दुखते, पण डोळा जात नाही. आपल्या मागच्या पिढ्या कंदिलावर शिकल्या.

यंत्राने डोळे कमी थकतात का? यावर संशोधकांचे एकमत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात फोनसारखा पडदा आणि ई-शाईचा पडदा यांत थकव्याचा विशेष फरक दिसला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीच्या फ्रेंच अभ्यासात प्रकाशणाऱ्या पडद्यावर डोळे जास्त थकले, तर ई-शाई आणि कागद जवळजवळ सारखे ठरले. माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्या बाजूचा, पण एका डॉक्टरचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. एवढे खरे, की कुठेही टक लावून वाचताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून वीस मिनिटांनी मान वर करा, खिडकीतून लांब पाहा, चार वेळा पापण्या मिटा. हे कागदाच्या पुस्तकालाही लागू आहे.

झोपेबद्दल एक खुलासा

'ई-रीडरने झोप उडते' असे अनेकांनी वाचलेले असते. त्याचे मूळ बोस्टनमधील एका अभ्यासात आहे. तो २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. बारा निरोगी तरुणांनी पाच संध्याकाळी झोपण्यापूर्वी सुमारे चार तास उजळ पडद्यावर वाचले, आणि पुढे तितक्याच संध्याकाळी छापील पुस्तक वाचले. उजळ पडद्यावर वाचल्यावर झोप यायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि झोप आणणारे मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक कमी झाले. पण त्या अभ्यासात वापरलेले यंत्र पूर्ण उजेडावर ठेवलेला टॅब्लेट होता, ई-शाईचे यंत्र नव्हते. तेव्हा तो निष्कर्ष फोन उशाशी घेणाऱ्यांनी मनावर घ्यावा. ई-रीडरवाल्यांनी रात्री दिवा मंद ठेवावा आणि पिवळसर करता येत असेल तर करावा, एवढे पुरे.

मुलांसाठी घ्यावे का?

आईवडील विचारतात, 'मुलाला अभ्यासाला घेऊन देऊ का?' माझे उत्तर, नको. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पडद्यापेक्षा कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते असे दिसले, विशेषतः माहितीपर मजकूर आणि वेळेचे बंधन असताना. कथा-कादंबऱ्यांच्या वाचनात असा फरक आढळला नाही. म्हणजे पाठ्यपुस्तक कागदावर आणि गोष्ट कशावरही. शिवाय बालभारतीची पुस्तके संगणकावर फुकट मिळतात खरी, पण ती मोठ्या पानाची आणि रंगीत. सहा इंची काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यांतले नकाशे आणि आकृत्या वाचता येत नाहीत.

मराठी वाचकाची अडचण

इथे मात्र उत्साहाला थोडा आवर घालावा लागतो. इंग्रजी वाचणाऱ्याला यंत्र म्हणजे खजिना. मराठी वाचणाऱ्याचे तसे नाही. किंडलवर मराठी पुस्तके रीतसर मिळू लागली ती २०१६ च्या अखेरीस. तेव्हापासून पुष्कळ भर पडली, पण तुम्हाला हवे तेच पुस्तक असेल याची हमी नाही. म्हणून आधी आवडत्या दहा पुस्तकांची यादी करा आणि किती मिळतात ते मुलाला शोधायला सांगा. पाचाहून कमी मिळाली, तर थांबा.

फुकट मिळणारे साहित्यही खूप आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे त्याचे लेखन सर्वांसाठी मोकळे होते. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, साने गुरुजी यांचे लेखन त्यामुळे कुणालाही घेता येते. मराठी विकिस्रोत, ई साहित्य प्रतिष्ठान, राज्य शासनाचे साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्याकडून कितीतरी पुस्तके विनामूल्य मिळतात. पण त्यांतली बरीच पीडीएफ स्वरूपात, म्हणजे पानाच्या छायाचित्रासारखी असतात. सहा इंची यंत्रावर ते अख्खे पान आक्रसते आणि मुंगीएवढे अक्षर दिसते. अक्षर मोठे करण्यासाठीच यंत्र घ्यायचे आणि नेमके तेच जमत नाही! ईपब प्रकारची फाइल असेल तर अक्षर मोठे होते. घेण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्या. निव्वळ पीडीएफ वाचायच्या असतील, तर दहा इंची टॅब्लेट बरा.

आणखी एक. यंत्रावरचे पुस्तक आपल्या कपाटातल्या पुस्तकासारखे आपले नसते. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे काही पुस्तके विकत घेतलेल्यांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोय बंद केली. पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देणे, गावच्या वाचनालयाला भेट देणे, हे इथे नाही.

पैशाचा हिशेब

किंडलचे साधे यंत्र २०२२ मध्ये ९,९९९ रुपयांना आले होते. २०२५ च्या एप्रिलात आलेल्या पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ होती. तीनशे रुपयांचे एक पुस्तक धरले, तर दहा हजारांत तेहतीस पुस्तके येतात. वर्षाला दोन-तीन पुस्तके वाचणाऱ्याने यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात. त्याने वाचनालयाची वर्गणी भरावी. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि ही ग्रंथालये सभासदांवरच जगतात.

फुकटात करण्याजोगी परीक्षा अशी. आधी आहे त्याच फोनवर वाचनाचे ॲप घाला, अक्षर मोठे करा आणि एक अख्खे मराठी पुस्तक पंधरा दिवसांत वाचून पाहा. संपले, तर तुमचे वाचन खरे आहे, यंत्र घ्या, फोनपेक्षा सुख होईल. वीस पानांवर अडकले, तर यंत्रावरही तिथेच अडकेल.

मग माझे मत काय?

ज्यांची वाचनाची सवय पक्की आहे, ज्यांना मोठे अक्षर लागते, ज्यांच्या हाताला संधिवाताने जाड पुस्तक पेलत नाही, ज्यांच्या घरी वीज सारखी जाते, त्यांनी यंत्र जरूर घ्यावे. दिवा असलेले, अक्षर ठळक दिसणारे, आणि शक्य तर एखाद्याचे हातात घेऊन, आपले जोडाक्षर नीट वाचता येते का हे पाहून. ज्यांची दृष्टी फारच अधू आहे, त्यांनी यंत्राच्या मागे न लागता ऐकण्याची पुस्तके घ्यावीत. छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय ही सरकारी सोयही आहे. मुलाबाळांनी एक करावे. आईबापांना यंत्र भेट द्यायचे, तर आधी एक दिवस रजा काढून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. यंत्र त्यानंतर.

गुरुजी अजून येतात. यंत्र बरोबर असते. अक्षर सर्वात मोठे, एका ओळीत तीन-चार शब्द मावतात. वाचायला वेळ लागतो, पण वाचतात. मागच्या खेपेला मी न राहवून म्हणालो, "गुरुजी, त्या वेळी मी तुमचे डोळे पाहायला हवे होते."

ते म्हणाले, "डॉक्टर, मुलगा चुकला तर आम्ही धडा पुन्हा लिहायला लावायचो. तुम्ही आता प्रत्येकाचे डोळे पाहा, म्हणजे झाले."

तेव्हापासून दवाखान्यात यंत्राचा प्रश्न निघाला, की मी आधी टॉर्च काढतो.